पंचावन्न टक्क्यांना पदवीची वाट बंद नाही

बारावीचा निकाल लागला की एक सल्ला घरोघरी फिरू लागतो. ‘पंचावन्न टक्केच पडलेत ना? मग डिग्रीच्या नादी लागू नका. चार वर्षे जातील, पैसा जाईल आणि हाती काही लागणार नाही. त्यापेक्षा एखादे कौशल्य शिकवा, पोरगा लवकर कमावता होईल.’ मामा-काका हा सल्ला देतात, क्लासचे सर देतात, करिअर मार्गदर्शनाच्या व्यासपीठावरून तो दिला जातो. ऐकायला तो व्यवहारी वाटतो, आणि देणाऱ्याच्या मनात बहुधा मुलाचे भलेच असते. तरीही तो चुकीचा आहे. ज्या घरांत तो सर्वांत जास्त ऐकला जातो, त्याच घरांचे तो सर्वांत जास्त नुकसान करतो.

एखादे मत खोडायचे तर आधी ते त्याच्या सर्वांत भक्कम रूपात मांडले पाहिजे. या सल्ल्यात तीन मुद्दे आहेत. पहिला, कमी गुणांच्या मुलाची कुवतच चार वर्षांच्या अभ्यासक्रमाची नसते. दुसरा, अशा मुलाला मिळणारे कॉलेज इतके सुमार असते की तिथली पदवी म्हणजे खर्चच खर्च. तिसरा, आयटीआय किंवा एखादा छोटा अभ्यासक्रम त्याला लवकर पायावर उभे करील. तिन्ही मुद्द्यांत थोडेफार तथ्य आहे. त्यांतून काढलेला निष्कर्ष मात्र टिकत नाही.

सुरुवात कुवतीपासून करू, कारण सगळा सल्ला तिच्यावरच उभा आहे. आपण ज्या मुलांना ‘बेताची’ म्हणून बाजूला काढतो ती आहेत तरी किती? २०२५ च्या बारावीच्या परीक्षेत राज्यातून १३,०२,८७३ नियमित विद्यार्थी उत्तीर्ण झाले. त्यांत ७५ टक्के किंवा त्याहून अधिक गुण मिळवणारे होते १,४९,९३२. म्हणजे शंभरात साडेअकरा. साठच्या पुढची प्रथम श्रेणी ४,०७,४३८ जणांना मिळाली आणि ४५ ते ६० च्या दरम्यानची द्वितीय श्रेणी ५,८०,९०२ जणांना. सर्वांत मोठा गट द्वितीय श्रेणीचा आहे. प्रथम आणि द्वितीय श्रेणी एकत्र केली तर उत्तीर्णांपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक मुले तिथेच सापडतात. वर्तमानपत्रांत पेढा भरवतानाचे फोटो येतात ते वरच्या साडेअकरा टक्क्यांचे. पंचावन्न टक्क्यांचा मुलगा हा अपवाद नाही, महाराष्ट्राचा बारावीचा वर्ग म्हणजे तोच. त्याला पदवीचा नाद सोडायला सांगणे म्हणजे राज्यातल्या बहुसंख्य तरुणांना उच्च शिक्षणाच्या बाहेर उभे करणे.

शिवाय हे गुण कुठून येतात तेही पाहिले पाहिजे. एका मुलाच्या कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्राचे पद रिकामे असते, तासिका तत्त्वावर नेमलेले शिक्षक सहामाही उलटल्यावर येतात, प्रयोगवही भरली जाते पण प्रयोग होत नाहीत. दुसऱ्याच्या घरी दोन वर्षांच्या क्लासचे पैसे भरलेले असतात, नोट्स छापील मिळतात आणि दर रविवारी सराव चाचणी होते. दोघांना एकच प्रश्नपत्रिका येते. एक पंचावन्नवर थांबतो, दुसरा ब्याऐंशीवर जातो. या फरकात मुलाची मेहनत आहे, तसाच त्याला मिळालेला शिक्षकही आहे, घरातली अभ्यासाची जागाही आहे आणि दहावीपर्यंत मराठीतून शिकून अकरावीत एकदम इंग्रजी पुस्तक हाती पडण्याची अडचणही आहे. या सगळ्याला ‘कुवत’ म्हणून मोकळे होणे हा अन्याय आहे.

प्रवेशाचे नियम काय म्हणतात? अभियांत्रिकीच्या चार वर्षांच्या पदवीसाठी बारावीच्या ठरावीक विषयांत खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के आणि राखीव प्रवर्गाला ४० टक्के पुरतात. पुढची गुणवत्ता यादी सीईटीच्या पर्सेंटाइलवर लागते. बी. फार्मसीची किमान अटही ४५ आणि ४० चीच आहे. बी. एस्सी. नर्सिंगला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्रात खुल्या प्रवर्गासाठी ४५ टक्के लागतात. बी. एस्सी. कृषीला खुल्या प्रवर्गासाठी ५० आणि राखीवसाठी ४०. म्हणजे ज्या मुलाला आपण ‘तुझ्यासाठी पदवी नाही’ असे सांगतो, त्याला नियमांनी रांगेत उभे राहण्याचा हक्क आधीच दिलेला आहे. तो हक्क आपण घरात बसून परस्पर काढून घेतो.

यावर उत्तर येते की रिकाम्या जागा भरता याव्यात म्हणून पात्रता खाली ठेवली आहे, ती कुवतीची पावती नव्हे. क्षणभर हे मान्य करू. पण प्रवेशानंतर काय होते? विद्यापीठाची प्रश्नपत्रिका नव्वदवाल्याला आणि पंचावन्नवाल्याला वेगळी नसते. त्याच पेपरात पास झाल्यावरच पदवी मिळते. चार वर्षे तो पेपर गाळणी लावतोच. मग आणखी एक गाळणी आपण घरी लावण्याची गरज काय? नव्या शैक्षणिक धोरणाखालच्या चार वर्षांच्या ऑनर्स पदवीत तर ही गोष्ट अधिक स्पष्ट आहे. चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करायचे तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात. त्यात बारावीचे गुण कोणी विचारत नाही. बारावीत पंचावन्न मिळवलेली मुलगी तीन वर्षे मन लावून शिकली, तर तिला ती वाट नियमाने खुली आहे. आणि चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के मिळाले तर थेट पीएच. डी. च्या प्रवेशासाठीही ती पात्र ठरते; यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनी ती सोय केली आहे.

कुवतीच्या मुद्द्यात एक खरी गोष्ट आहे, ती मी टाळणार नाही. ज्या मुलाचे गणित कच्चे आहे आणि गणिताची आवडही नाही, त्याला अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षी गणिताचा पेपर अडवतो. एटीकेटीची ओझी घेऊन पुढे सरकणारी मुले अनेक कॉलेजांत दिसतात. पण यातून ‘अभियांत्रिकी नको’ एवढेच सिद्ध होते, ‘पदवी नको’ हे सिद्ध होत नाही. गणित कच्चे आणि जीवशास्त्र बरे असलेल्या मुलासाठी फार्मसी आहे, नर्सिंग आहे, कृषी आहे, मत्स्यविज्ञान आहे. चित्रकलेचा हात असलेल्यासाठी चार वर्षांची बी. एफ. ए. आहे. मूल कशात कमी आहे, एवढेच बारावीच्या एकूण टक्केवारीवरून पाहून आपण निर्णय घेतो. ते कशात बरे आहे हे पाहायला विषयवार गुणपत्रिका वाचावी लागते, आणि ती बहुतेक घरांत निकालाच्या दिवसानंतर कोणी वाचत नाही.

दुसरा मुद्दा पैसा आणि वर्षे वाया जाण्याचा. हा सर्वांत गंभीर आहे, कारण तो अनुभवातून आलेला आहे. कर्ज काढून मुलाला शिकवले आणि तो पदवी घेऊन घरी बसला, अशी घरे प्रत्येक गावात आहेत. शिक्षक नसलेली, प्रयोगशाळेला कुलूप असलेली, केवळ प्रवेशाच्या काळात गजबजणारी कॉलेजे आहेत. काही कंपन्या दहावी, बारावी आणि पदवी अशा तिन्ही ठिकाणी साठ टक्क्यांची अट घालतात, हेही खरे. पण पदवी नसलेल्या मुलाची स्थिती याहून बरी आहे का? राज्यसेवा परीक्षेला पदवी लागते. फौजदार, राज्यकर निरीक्षक, सहायक कक्ष अधिकारी या पदांना पदवी लागते. बँकेच्या लिपिकाच्या परीक्षेला पदवी लागते. केंद्रीय नागरी सेवा परीक्षेलाही पदवी लागते. ती कितव्या श्रेणीत मिळाली आणि बारावीला किती टक्के होते, हे तिथे पात्रतेसाठी विचारले जात नाही. एम. टेक. साठीच्या गेट परीक्षेलाही बारावीच्या टक्क्यांची अट नाही. बारावीवर थांबलेल्या मुलाला यातले एकही दार ठोठावता येत नाही, आणि पंचविसाव्या वर्षी ते ध्यानात येते तेव्हा मागे फिरणे महाग पडते.

म्हणून वाया काय जाते, याचे उत्तर नीट दिले पाहिजे. पदवीमुळे वर्षे वाया जात नाहीत. न पाहता, न विचारता, कोणाच्या तरी फोनवर घेतलेल्या प्रवेशामुळे ती वाया जातात. माझा सगळा आक्षेप इथे आहे. आपण मुलाच्या टक्केवारीला दोष देतो आणि प्रवेशाच्या प्रक्रियेतल्या अज्ञानाला मोकळे सोडतो.

हे अज्ञान कसे दिसते ते जवळून पाहू. अभियांत्रिकीच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेत मुलाला पसंतीक्रम भरायचा असतो. सायबर कॅफेत बसून भरलेले असे अर्ज मी पुष्कळ पाहिले आहेत. सत्तरच्या आसपास पर्सेंटाइल असलेल्या मुलाचा अर्ज साधारण असा असतो: पहिला पर्याय पुण्यातले सर्वांत नामांकित कॉलेज, शाखा कॉम्प्युटर. दुसरा त्याच शहरातले दुसरे नामांकित कॉलेज, शाखा कॉम्प्युटर. तिसरा आयटी, चौथा एआय, पाचवा पुन्हा कॉम्प्युटर. आठ-दहा पर्यायांवर अर्ज संपतो. या प्रत्येक जागेचा गेल्या वर्षीचा कटऑफ त्याच्या पर्सेंटाइलच्या कितीतरी वर असतो. फेरी होते, त्याला काहीच मिळत नाही. घरी निष्कर्ष निघतो की मार्क कमी पडले. प्रत्यक्षात त्याच प्रक्रियेत चंद्रपूर, यवतमाळ, जळगाव, रत्नागिरी इथली शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालये असतात, जुन्या अनुभवी संस्थांच्या स्थापत्य, यंत्र आणि विद्युत शाखा असतात, आणि कॉम्प्युटरच्या मानाने त्यांचे कटऑफ बरेच खाली येतात. त्या जागा त्याने अर्जात लिहिल्याच नव्हत्या.

कटऑफची यादी सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर सगळ्यांना फुकट मिळते, पण ती वाचायला कोणी शिकवत नाही. तिच्यात रकान्यांच्या डोक्यावर ‘जीओपनएस’, ‘एलओपनएच’ अशी अक्षरे असतात. सुरुवातीचा ‘जी’ म्हणजे सर्वसाधारण जागा, ‘एल’ म्हणजे मुलींची जागा. मधला भाग प्रवर्गाचा. शेवटचा ‘एस’ राज्यस्तरीय जागेचा, ‘एच’ स्वतःच्या विद्यापीठ क्षेत्रातल्या विद्यार्थ्यांसाठीचा, ‘ओ’ बाहेरच्या विद्यापीठ क्षेत्रातून येणाऱ्यांचा. एकाच कॉलेजच्या एकाच शाखेत या रकान्यांचे आकडे वेगवेगळे असतात. नांदेडच्या मुलीने पुण्यातल्या कॉलेजचा ‘एच’चा रकाना पाहून आशा धरली, तर ती आशा खोटी, आणि स्वतःच्या भागातल्या कॉलेजचा ‘एल’ आणि ‘एच’चा रकाना पाहिलाच नाही, तर हातची जागा गेली. हे समजावून सांगायला अर्धा तास पुरतो. तो अर्धा तास राज्यातल्या किती कनिष्ठ महाविद्यालयांत दिला जातो, हा प्रश्न बारावीच्या निकालाच्या टक्केवारीहून मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

या अज्ञानावर एक धंदा उभा आहे. फेरीत नाव आले नाही की फोन येतो. ‘सीट आहे, पण आज टोकन भरा, उद्या मिळणार नाही.’ फोन करणाऱ्याने मुलाची लाज आणि बापाची घाई नेमकी हेरलेली असते. पालकांनी हे ध्यानात ठेवावे की देणगी घेऊन प्रवेश देण्यास महाराष्ट्रात १९८७ च्या कायद्याने बंदी आहे, आणि व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या विनाअनुदानित संस्थांचे प्रवेश व शुल्क २०१५ च्या कायद्याखाली येतात. संस्थास्तरावरच्या जागासुद्धा जाहिरात देऊन आणि गुणवत्तेनुसारच भरायच्या असतात. मूळ गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला ताब्यात ठेवून मुलाला अडकवणे यूजीसीच्या नियमांत बसत नाही. ‘कमी मार्कांना याच मार्गाने मिळते’ हे वाक्य कोणी म्हटले, की तिथून उठावे.

फोनवरच्या त्या सौद्यात आणखी एक तोटा लपलेला असतो. राज्य सरकारने जुलै २०२४ मध्ये घेतलेल्या निर्णयानुसार, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास प्रवर्ग आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. पण ही सवलत केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून आलेल्यांना मिळते. संस्थास्तरावरच्या किंवा व्यवस्थापन कोट्यातल्या प्रवेशाला नाही, खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठांनाही नाही. मुलांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिष्यवृत्ती योजनेतून शिक्षण शुल्काचा निम्मा भार हलका होतो. अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमांत ५ टक्के अधिसंख्य जागा ट्यूशन फी माफीच्या असतात. त्यांचा कोड वेगळा असतो आणि तो अर्जात वेगळा लिहावा लागतो. टोकन भरून घेतलेल्या जागेवर यातले बरेच काही हातचे जाते. जी मुलगी जवळजवळ फुकट शिकली असती, तिच्या बापाला केवळ घाईपोटी कर्ज काढावे लागते. मग चार वर्षांनी तोच बाप सांगतो की डिग्रीत पैसा गेला. त्याचा पैसा खरेच गेला. पण त्यात मुलीच्या पंचावन्न टक्क्यांचा दोष नव्हता.

तिसरा मुद्दा कौशल्याचा. आयटीआय झालेल्या फिटर-वेल्डरविषयी मला पूर्ण आदर आहे, आणि ज्या मुलाला ते काम आवडते त्याने ते अभिमानाने करावे. माझा विरोध आहे तो कौशल्य आणि पदवी यांना एकमेकांसमोर उभे करण्याला. आपल्या राज्यातली व्यवस्था तसे करत नाही. दहावीला किमान ३५ टक्के असलेला मुलगा तंत्रनिकेतनाच्या तीन वर्षांच्या पदविकेला पात्र असतो. पदविका ४५ टक्क्यांनी, राखीव प्रवर्गात ४० टक्क्यांनी, पूर्ण झाली की तो अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करू शकतो. तिथे सीईटी नाही, गुणवत्ता पदविकेच्या गुणांवर ठरते. हिशेब मांडा. दहावीनंतर अकरावी-बारावीची दोन आणि पदवीची चार, अशी सहा वर्षे. पदविकेची तीन आणि पदवीची तीन, तरी सहाच. वेळ तेवढाच, मध्येच एक पदविका हातात, आणि बारावीच्या गुणांचा धाकच नाही. दोन वर्षांचा आयटीआय झालेल्यालाही पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाची सोय आहे आणि तिथून पुढे पदवीची. एक वर्ष जास्त लागते, पण वाट तुटत नाही. फार्मसीतही डी. फार्म. नंतर बी. फार्मच्या दुसऱ्या वर्षाला जाता येते. ‘कौशल्य शिक आणि पदवी विसर’ म्हणणाऱ्यांनी हे जोडरस्ते मुलाला सांगितले, तर त्यांच्या सल्ल्याला किंमत येईल. ते न सांगता दिलेला सल्ला मुलाला सतराव्या-अठराव्या वर्षी एका जागी खिळवून ठेवतो.

आणि हा सल्ला कोणाला मिळतो तेही तपासून पाहा. शहरातल्या सुस्थितीतल्या घरात पंचावन्न टक्के पडले, तर ‘आयटीआय कर’ असे सहसा कोणी म्हणत नाही. तिथे दुसरे शहर, दुसरी प्रवेश परीक्षा, दुसरा अभ्यासक्रम शोधला जातो आणि मूल पदवीधर होतेच. तेच गुण शेतमजुराच्या, रिक्षाचालकाच्या, घरकाम करणाऱ्या बाईच्या मुलाला पडले, की आपल्याला त्याच्या व्यवहाराची काळजी वाटू लागते. महाराष्ट्राची परंपरा याच्या नेमकी उलट आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था सुरू केली, ती ज्यांच्या घरात पाटी नव्हती त्यांच्यासाठी. १९४७ साली साताऱ्याला छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले ते कमवा आणि शिका या तत्त्वावर. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज आणि १९५० साली तेव्हाच्या औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालयाची सुरुवात केली. आधी गुणवंत निवडून मग त्यांना शिकवावे, असा या माणसांचा क्रम नव्हता. आधी आत घ्यावे, शिकवावे आणि मग माणूस किती वाढतो ते पाहावे, असा होता. आजचा सल्ला तो क्रम उलटा करतो.

मग पंचावन्न टक्क्यांच्या मुलाने पाहायचे तरी कुठे? विज्ञान शाखेच्या मुलाचे आपण फक्त अभियांत्रिकी आणि वैद्यकीय असे दोन कप्पे केले आहेत, ते आधी मोडायला हवेत. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली अशी चार कृषी विद्यापीठे राज्यात आहेत. त्यांच्या छत्राखाली चार वर्षांच्या कृषी, उद्यानविद्या, वनशास्त्र, अन्नतंत्रज्ञान, कृषी अभियांत्रिकी अशा पदव्या चालतात; दापोलीच्या विद्यापीठाचे रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे. शेतकरी कुटुंबातल्या मुलाला सातबारा जोडून प्रवेशात अधिभाराचे गुण मिळतात. सातबारा घरात असून तो अर्जाला जोडलाच नाही, असे जेव्हा होते तेव्हा मन विषण्ण होते. नर्सिंगकडे मुलगेही जाऊ शकतात, हे पुष्कळ घरांना माहीत नसते. तिथे स्वतंत्र सीईटी असते आणि तिचा अर्ज बारावीच्या निकालाची वाट पाहत थांबत नाही.

कला आणि वाणिज्य शाखेच्या मुलांकडे तर कोणी वळूनही पाहत नाही. त्यांच्यासाठी चार वर्षांची हॉटेल मॅनेजमेंटची पदवी आहे, जिला बारावीची शाखा आडवी येत नाही. ज्यांना शिक्षक व्हायचे आहे त्यांच्यासाठी चार वर्षांची एकात्मिक बी. ए.-बी. एड. आणि बी. एस्सी.-बी. एड. आहे, तिला बारावीत ५० टक्के आणि राष्ट्रीय प्रवेश परीक्षा लागते, आणि तीन वर्षे पदवी अधिक दोन वर्षे बी. एड. च्या जागी चारच वर्षांत काम होते. हा अभ्यासक्रम चालवणाऱ्या ज्या प्रादेशिक शिक्षण संस्थेच्या क्षेत्रात महाराष्ट्र येतो ती भोपाळला आहे, हे मराठी मुलांना क्वचितच कोणी सांगते.

केंद्रीय विद्यापीठांचीही भीती घालवली पाहिजे. दिल्ली विद्यापीठाच्या काही कॉलेजांचा कटऑफ २०२१ साली शंभर टक्क्यांना टेकला होता. तो जमाना गेला. २०२२ पासून तिथले प्रवेश सीयूईटीच्या गुणांवर होतात आणि ती परीक्षा मराठीतूनही देता येते. बारावीत गुण हुकलेल्या मुलासाठी ही दुसरी संधी आहे. मेहनत लागेल, पण मागचे ओझे सोबत नाही. आणि साधी बी. ए., बी. कॉम., बी. एस्सी. सुद्धा आता जुनी राहिलेली नाही. नव्या रचनेत एका वर्षाने प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका, तीन वर्षांनी पदवी आणि चार वर्षांनी ऑनर्स अशा पायऱ्या आहेत, आणि मिळवलेले श्रेयांक शैक्षणिक श्रेयांक बँकेत जमा राहतात. ‘चौथे वर्ष फुकट’ म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे की चौथे वर्ष करणाऱ्याचा पदव्युत्तर अभ्यास एका वर्षाचा होतो. ज्याला तिसऱ्या वर्षी थांबायचे आहे, त्याच्या हातात पदवी असतेच.

यादी माहीत झाली तरी कॉलेज पारखावे लागते, आणि ते माहितीपुस्तिकेवरून जमत नाही. कॉलेजला कामाच्या दिवशी, शक्यतो दुपारी जा. प्रयोगशाळेत मुले आहेत की धूळ आहे ते पाहा. तिसऱ्या वर्षाच्या दोन मुलांना गाठून विचारा की किती विषयांना पूर्णवेळ शिक्षक आहेत आणि मागच्या सत्रात किती तास बुडाले. ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ अशी पाटी असेल, तर किती जणांना, कोणत्या कामावर आणि किती पगारावर, ते लेखी मागा. नॅकची श्रेणी संस्थेला असते आणि एनबीएचे मानांकन एकेका अभ्यासक्रमाला. तेव्हा आपल्या शाखेला ते आहे का, हे वेगळे विचारा. फार्मसी असेल तर भारतीय फार्मसी परिषदेची मान्यता तपासा. शुल्क विचारताना शिक्षण शुल्क आणि विकास शुल्क वेगळे करून घ्या, कारण माफी शिक्षण शुल्काची असते, विकास शुल्क भरावेच लागते. गावापासून दूर, पण शिक्षक भरलेले साधे कॉलेज हे शहरातल्या चकचकीत आणि रिकाम्या कॉलेजपेक्षा केव्हाही बरे.

हे सगळे पालकांनी एकट्याने करावे, असे म्हणून मी थांबणार नाही. ज्यांच्या घरात पहिल्यांदाच कोणी बारावी झाले आहे, त्यांना पीडीएफ वाचायला सांगून सरकारची जबाबदारी संपत नाही. प्रत्येक कनिष्ठ महाविद्यालयात डिसेंबरमध्ये, निकालाच्या कितीतरी आधी, प्रवेशाचे तास वेळापत्रकात लावले पाहिजेत: कोणत्या सीईटी आहेत, अर्ज केव्हा सुटतात, जात पडताळणी, नॉन-क्रीमीलेअर आणि उत्पन्नाचा दाखला केव्हा काढायचा, कटऑफ कसा वाचायचा. २०२४ साली बीबीए, बीसीए, बीएमएस यांसारख्या अभ्यासक्रमांना सीईटी लागू झाली तेव्हा कित्येक मुलांना ते वेळेवर कळलेच नाही, आणि नंतर पुन्हा परीक्षा घ्यावी लागली. ती मुले नापास झाली नव्हती. त्यांना कोणी सांगितले नव्हते. प्रवेशाचे नियम बदलायचे तर ते बारावीचे वर्ष सुरू होण्याआधी जाहीर व्हावेत, आणि मराठीत व्हावेत. आणि जी कॉलेजे शिक्षकांविना चालतात, ती बंद करण्याचे धैर्य विद्यापीठांनी दाखवावे. वाईट कॉलेज चालू ठेवायचे आणि मुलाला पदवीपासून परावृत्त करायचे, हा उपाय नव्हे.

पदवी सर्वांनी घ्यावीच, असा माझा आग्रह नाही. ज्याला नको आहे त्याने घेऊ नये. पण ‘नको’ हे त्या मुलाने सगळ्या वाटा पाहून म्हणायचे आहे. त्याच्या वतीने आपण, गुणपत्रिकेच्या खालच्या कोपऱ्यातला एक आकडा पाहून, ते म्हणू शकत नाही. म्हणून सल्ला देणाऱ्या प्रत्येकाला माझी एवढीच विनंती आहे: मुलाच्या शेजारी बसा, त्याची विषयवार गुणपत्रिका उघडा, गेल्या वर्षीचा कटऑफ काढा, शुल्काचा आणि सवलतीचा हिशेब कागदावर मांडा, आणि एखादे कॉलेज त्याच्याबरोबर जाऊन पाहून या. एवढे केल्यावरही ‘पदवी नको’ असेच वाटले, तर जरूर सांगा. एवढे न करता ते सांगण्याचा अधिकार कोणालाही नाही.